नगरच्या मिशनचा शेजारधर्म

'शेजारधर्म' हा शब्द आपणा बायकांच्या तोंडी किती सहज येतो! विरजण संपले, कुणाचे मूल तापाने फणफणले, अवेळी पाहुणे आले, की आपण शेजारणीचे दार ठोठावतो. आणि त्यात कुणी कुणावर उपकार केले असे दोघींनाही वाटत नाही. पण शेजारीच जर परक्या देशाचा, परक्या भाषेचा व परक्या धर्माचा असेल, आणि तो आपण होऊन दाराशी येऊन 'तुमच्या मुलीला लिहायला-वाचायला शिकवू का?' असे विचारू लागला, तर दार उघडावे की लावून घ्यावे?

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांपुढे हा प्रश्न खरोखरीच उभा राहिला होता. ख्रिस्ती मिशनांनी आणि त्यांच्यातून पुढे उभ्या राहिलेल्या मंडळ्यांनी आपल्या भोवतालच्या वस्तीशी नाते कसे जोडले, ते कुठे जुळले आणि कुठे तुटले, हे पाहण्यासारखे आहे. साऱ्या महाराष्ट्राचा वृत्तान्त स्मरणिकेच्या चार पानांत मावणारा नाही. म्हणून येथे एकच जिल्हा घेतला आहे, तो नगरचा. २०२४ साली ह्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. परंतु ज्या काळाची ही हकीकत आहे त्या काळी सर्वांच्या तोंडी 'नगर' हेच नाव होते, तेव्हा येथेही तेच ठेवले आहे.

गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे अमेरिकन पाद्री १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबई बंदरात उतरले. त्यांचे स्वागत झाले नाही. कंपनी सरकारला आपल्या मुलखात धर्मोपदेशक नकोच होते. रयत बिथरेल आणि व्यापाराला बाध येईल, ही त्यांची भीती. ह्या दोघांना परत पाठविण्याचे हुकूमही सुटले होते. पण मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन ह्यांनी त्यांना राहू दिले, आणि त्याच वर्षी विलायतेत कंपनीची नवी सनद मंजूर होऊन मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी झाली. असो. पुढे हे लोक मराठी शिकले, मराठीत छापू लागले आणि मुलांच्या शाळा काढू लागले. त्या शाळांतून शिकविणारे बहुतेक पंतोजी ब्राह्मण असत, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ख्रिस्ती धर्माची पुस्तके मुलांकडून वाचवून घ्यायची ती गंध लावलेल्या पंतोजींनी! पोटासाठी पंतोजींनी ते पत्करले, आणि दुसरा शिकविणारा मिळेना म्हणून मिशननेही ते चालवून घेतले. शेजाऱ्याशी पहिला व्यवहार झाला तो असा, उभयपक्षी थोडा डोळा झाकून.

मुलींची गोष्ट मात्र निराळी होती. १८२४ साली ह्या मिशनने मुंबईत मुलींची पहिली शाळा काढली. तिला मुली मिळविणे हेच मोठे काम होते. लिहू लागलेली मुलगी विधवा होते, अशी समजूत घरोघर होती. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न व्हायचे, मग अक्षरे गिरवायची केव्हा आणि कशाला? तेव्हा आधी आल्या त्या गरिबांच्या आणि ज्यांना 'लोक काय म्हणतील' ह्याची फारशी धास्ती नव्हती अशांच्या मुली. त्यांना घरून बोलावून आणायला बाई ठेवावी लागे. मुली टिकाव्यात म्हणून कधी कापड, कधी खाऊ, कधी पैसा द्यावा लागे. ह्यावर त्या काळीही टीका झाली, आणि आजही होते. परंतु मला वाटते, पोरीने शेणगोठा करावा, धाकटे भावंड सांभाळावे, हे जिथे घराच्या हिशेबात धरलेले होते, तिथे ती दोन घटका शाळेत बसली तर घराचे नुकसान होते, हे त्या मिशनवाल्यांनी ओळखले होते. ते भरून दिल्याखेरीज मुलगी येणार नव्हती.

ह्या शाळांवर देखरेख करावयास १८२७ च्या डिसेंबरअखेर एक बाई मुंबईस आली. तिचे नाव सिंथिया फॅरार. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतात १७९५ साली तिचा जन्म झाला होता. म्हणजे येथे आली तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, आणि अविवाहित होती. परदेशी मिशनच्या कामासाठी एकट्या, अविवाहित बाईला धाडण्याचे अमेरिकेतही तेव्हा नवलच होते. मग इकडच्या बायकांनी तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल त्याची कल्पना करावी. सवाष्ण नाही, विधवा नाही, संन्याशीण नाही. मग ही आहे तरी कोण?

तरी बाईच का हवी होती? पाद्री साहेब चावडीवर बोलू शकत, बाजाराच्या दिवशी पारावर उभे राहून पुस्तके वाटू शकत; पण वाड्याच्या ओटीपुढे त्यांचा पाय जात नसे. माजघरात बोलायचे तर बाईलाच जायला हवे. पुढल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा नगरचा इतिहास पाहिला तर जिथे जिथे मिशनचे वस्तीशी नाते टिकले तिथे बहुधा ते बायकांनी जोडलेले दिसते. भाषणे पुरुषांनी केली, अहवाल पुरुषांनी लिहिले. उंबरठा ओलांडला तो बायकांनी.

मिस फॅरार दहा वर्षे मुंबईत राहिल्या. प्रकृती बिघडल्यामुळे १८३७ साली त्या मायदेशी गेल्या, आणि बऱ्या होऊन १८३९ साली परतल्या, त्या नगरला. मिशनचे ठाणे नगरला १८३१ च्या अखेरीस पडले होते. त्या ज्या वर्षी नगरला आल्या ते वर्ष मात्र शाळांना मोठे वाईट गेले. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेले, आणि पारशी मुले शाळेतून भराभर निघून गेली. नगरकडेही त्याच सुमारास काही ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले, आणि पालकांनी आपापल्या मुलांचे हात धरून त्यांना घरी नेले. आज आपण ह्या पालकांना कर्मठ म्हणून मोकळ्या होतो. तसे करू नये. मिशनने आपला हेतू कधी लपविला नव्हता. शाळा हे त्यांच्या दृष्टीने धर्मप्रसाराचे साधन होते. शेजारी आपल्या मुलाला शिकवतो आहे, आणि शिकविता शिकविता ते मूल आपल्या घरातून त्याच्या घरात नेणार आहे, असे दिसल्यावर कोणती आई स्वस्थ बसेल? शिक्षण हवे, पण त्याची ही किंमत नको, हा पेच खरा होता. त्यातून बाहेर पडायला वाट काढली ती पाद्र्यांनी नव्हे, आणि शास्त्री-पंडितांनीही नव्हे.

पुण्याचे जोतीराव फुले हे स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. ते एकदा मित्राबरोबर नगरकडे गेले असताना त्यांनी मिस फॅरार ह्यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. तेथे मुलींना पद्धतशीर शिकवितात हे पाहून आपल्याला समाधान वाटले, आणि अशाच शाळा आपणही काढाव्यात असे मनात आले, असे त्यांनी पुढे १८५३ साली 'ज्ञानोदय' पत्राला सांगितले. १८४८ साली त्यांनी पुण्यात बुधवार पेठेतील भिडे ह्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली ती हकीकत आपल्या सर्वांना पाठ आहे. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले त्यातले काही नगरला मिस फॅरार ह्यांच्याकडे आणि काही पुण्यात मिसेस मिचेल ह्यांच्या नॉर्मल स्कुलात, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे ज्या शाळेतून इकडच्या पालकांनी भयाने मुली काढून घेतल्या त्याच शाळेचा नमुना घेऊन सावित्रीबाई पुण्यास उभ्या राहिल्या. फरक एकच. पुण्याच्या शाळेत बाप्तिस्म्याची भीती नव्हती. अर्थात म्हणून लोकांनी त्यांच्यावर शेण फेकायचे राहिले नाही. पण तो निराळा विषय आहे.

जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनऱ्यांबद्दल त्यांनी कृतज्ञतेने लिहिले, त्यांच्या पुष्कळ गोष्टी घेतल्या, आणि १८७३ साली आपला सत्यशोधक समाज वेगळाच काढला. शेजारणीची कृती घ्यावी आणि फोडणी आपल्या घरची द्यावी, तसेच काहीसे हे झाले. मिशनच्या वहीत मात्र अशा गोष्टीला रकाना नव्हता.

त्या वहीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ह्या मिशनचा सर्व खर्च अमेरिकेत बोस्टन येथील बोर्डाकडून येई, आणि तो पैसा तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या भाविक लोकांनी, त्यात बायकांनीही, चिमूटचिमूट साठवून दिलेला असे. देणाऱ्याने हिशेब मागावा ह्यात गैर काहीच नाही. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे १८५४-५५ साली हिंदुस्थानात पाहणीस आले. इतकी वर्षे शाळा चालविल्या, त्यातून मंडळीत किती माणसे आली, हा त्यांचा प्रश्न होता. आकडा लहान होता. तेव्हा इंग्रजी शाळा बंद कराव्यात आणि खेड्यांतून देशी भाषेत उपदेश करून लहान लहान मंडळ्या स्थापाव्यात, असे ठरले. मुंबई-नगरच्या इंग्रजी शाळांना त्यामुळे टाळे लागले. तिथल्या तिथे पुष्कळ मिशनरीसुद्धा नाराज झाले म्हणतात.

त्याच वर्षी, म्हणजे १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, 'ज्ञानोदया'च्या दोन अंकांत एका मुलीचा निबंध छापून आला. तिचे नाव मुक्ता. ती जोतीरावांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, सुमारे चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले होते. आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने त्यात विचारला, आणि तो इतक्या धारेने विचारला की आजही वाचताना मान खाली जाते. 'ज्ञानोदय' हे ह्याच अमेरिकन मिशनचे पत्र. १८४२ साली ते नगरला निघाले आणि पुढे शंभरांहून अधिक वर्षे चालले. ही मुलगी ख्रिस्ती नव्हती. तिचा मजकूर छापण्याने मंडळीत एका माणसाचीही भर पडणार नव्हती. तरी त्यांनी तो छापला. बोस्टनच्या वहीत हाही आकडा कुठे चढला नसणार. परंतु मराठीत दलित स्त्रीच्या हातचे पहिले लेखन म्हणून आज आपण ज्याचे नाव घेतो ते ह्या पत्रामुळे शिल्लक राहिले.

मिस फॅरार नगरमध्येच राहिल्या. शाळा कधी भरल्या, कधी ओस पडल्या. त्या चालवीत राहिल्या. १८६२ च्या जानेवारीत त्या नगरलाच वारल्या. चौतीस वर्षांत मध्ये एकदाच त्या मायदेशी गेल्या होत्या.

अँडरसन साहेबांच्या धोरणाप्रमाणे काम खेड्यांकडे वळले. राहुरी, वडाळा, पारनेर, शिरूर ह्या बाजूला ठाणी पडली. महार आणि मांग वस्तीतले लोक मंडळीत येऊ लागले. गावकुसाबाहेर एक खोली बांधलेली असे. आठवडाभर तीच शाळा आणि रविवारी तेच देऊळ. मास्तर शिकवीत आणि उपासनाही चालवीत; मास्तरीणबाई बायकांना जमवून अक्षरे, शिवण आणि गाणी शिकवीत. ह्यांच्या जोडीला असत त्या 'बायबलबाया'. ह्या बहुतेक आपल्याच इकडच्या, पुष्कळशा विधवा. त्या दारोदार जात. वाचून दाखवीत, कुणाला अक्षरओळख करून देत, कुणाचे पत्र वाचून देत, आजाऱ्याची चौकशी करीत. उन्हातान्हात पायपीट करणाऱ्या ह्या बायांचा अहवालांत उल्लेख येतो तो पुष्कळदा नुसता 'बायबलबाई' किंवा 'अमक्याची पत्नी' एवढाच. गोऱ्या बाईंचे नाव राहिले, हिचे गेले. आपल्या मंडळांच्या जुन्या इतिवृत्तांतही 'सौ.' पुढे पतीचे नाव घालून किती जणींचे नाव पुसले गेले आहे ते ज्या त्या मंडळाने पाहावे.

नगर हा अवर्षणाचा जिल्हा. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि पुन्हा १८९६ ते १९०० चा दुष्काळ, ह्या दोन्ही वेळी मिशनने अन्न दिले, कामे काढली, पोरकी मुले सांभाळली. डॉ. रॉबर्ट ह्यूम ह्यांना दुष्काळातील कामाबद्दल १९०१ साली सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. ह्याच काळात गावेच्या गावे ख्रिस्ती झाली असे म्हणत, आणि 'पोटापायी बाटले' हा शब्द रूढ झाला. हा शब्द तसा निष्ठुर आहे. ज्याच्या पोटात आग नाही त्यालाच तो सुचतो. पण त्यात खोच आहे ती अगदीच खोटी नाही. ज्याच्या हाती धान्याची कोठी आहे आणि ज्याच्या हाती बाप्तिस्म्याचे पाणीही आहे, अशा माणसासमोर उपाशी बाई खरोखर किती मोकळ्या मनाने निवड करू शकेल? भल्या मिशनऱ्यांनाही हा प्रश्न छळीत असे. दुसऱ्या बाजूने हेही विचारले पाहिजे की, तिला मंदिराच्या पायरीलाही शिवू न देणाऱ्या गावाने दुष्काळात तिच्यासाठी कोणती कोठी उघडली होती? त्या घरांतून पुढल्या दोन पिढ्यांत शिक्षक झाले, परिचारिका झाल्या. पोटासाठी आलेली माणसे पोट भरल्यावर परत गेली नाहीत, हे तरी मान्य करावे लागते.

आता दाराच्या दुसऱ्या बाजूची, म्हणजे ज्या घरातून माणूस गेले त्या घराची गोष्ट. ती आपल्याला लक्ष्मीबाई टिळकांनी सांगितली आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. नवरा जिवंत आणि तरी संसार उठलेला. काही वर्षांनी त्या नगरला आल्या त्या वेगळे बिऱ्हाड करून. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे कडक. त्यांचे मन वळले ते कुणाच्या प्रवचनाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांच्या मनात हळूहळू घोळत गेला, आणि १९०० साली त्यांनी आपल्या बुद्धीने बाप्तिस्मा घेतला. मग ह्याच लक्ष्मीबाईंनी प्लेगच्या दिवसांत रोग्यांची शुश्रूषा केली आणि पोरकी मुले घरात वाढविली. 'स्मृतिचित्रे' ज्या भगिनींनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. त्यात मिशनच्या लोकांचे गुण आहेत आणि चुकाही आहेत, आणि दोन्ही सांगताना बाईंना हसू आवरत नाही.

टिळकांना स्वतःला मिशनचे एक वागणे नेहमी खुपे. ख्रिस्ती झालेला मराठी माणूस विलायती चालीत गाणी म्हणतो, विलायती रीतीने बसतो-उठतो आणि त्यामुळे आपल्याच गावाला परका होतो, ही त्यांची तक्रार होती. नगरच्या मंडळीत कीर्तनाची प्रथा त्यांच्या आधीपासूनच सुरू झाली होती. टिळकांनी अभंग, पदे आणि भजने शेकड्यांनी रचून तिला भरघोस साहित्य दिले. टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ताचे आख्यान ऐकायला गावातली इतर माणसेही येऊन बसत. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' नावाचा बंधुवर्ग काढला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, त्यात कुणालाही येता येईल, असे त्यांनी जाहीर केले. उंबऱ्याबाहेरच्यांना बाप्तिस्मा न घेता आत बसू देणारा हा विचार मिशनमधल्या पुष्कळांना मानवला नाही. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले आणि दरबारही फार दिवस टिकला नाही.

दवाखान्यांबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण ते सर्वांच्या पाहण्यातले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. ज्यूलिया बिसेल ह्यांनी नगरला बायकांसाठी वैद्यकीय काम सुरू केले. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायला न धजणाऱ्या बायका त्यांच्याकडे येऊ लागल्या. त्यातून बायका-मुलांचे इस्पितळ उभे राहिले. १९३९ साली ते मुक्तिफौजेकडे गेले आणि 'बूथ हॉस्पिटल' ह्या नावाने ओळखले जाऊ लागले. २०२० च्या करोनाच्या साथीत, शेजारी शेजाऱ्याच्या दारात जायला भीत होता तेव्हा, ह्या इस्पितळाने रोगी दाखल करून घेतले. शिक्षणाच्या बाजूने सांगायचे तर डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांनी १९४७ साली स्थापन केलेले अहमदनगर कॉलेज आहेच. १९७० साली उत्तर हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले, आणि जुन्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्या त्यात सामील झाल्या. परदेशी मिशनरींचा काळ तोपर्यंत जवळजवळ संपलाच होता.

त्याच १९७० साली नगर जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला जामखेड येथे एक डॉक्टर जोडपे येऊन राहिले. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. रजनीकांत हे राहुरीचे, मास्तरांच्या घरातले. दोघे वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, आणि दोघांनी आधी नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काही वर्षे काढलेली. तेथे त्यांना एक गोष्ट जाणवली. इस्पितळात येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे आजार टाळता येण्याजोगे होते. हगवणीने वाळलेले मूल बरे करून घरी पाठवावे, आणि त्याने तेच पाणी पिऊन महिन्याने परत यावे, असे चालले होते. तेव्हा रोग्याची वाट पाहत न बसता आपणच गावात जावे असे त्यांनी ठरविले. जागतिक चर्च परिषदेच्या वैद्यकीय आयोगाची मदत त्यांना मिळाली. पण जामखेडचे काम कोणत्याही मंडळीचे म्हणून त्यांनी चालविले नाही, आणि औषधाबरोबर धर्म दिला नाही. जुन्या पेचावर हा त्यांचा तोडगा होता.

गावात शिरायचे कसे? पुरुष आरोग्याच्या सभेला येत ना. मग संध्याकाळी व्हॉलीबॉलचे खेळ सुरू केले, आणि खेळून झाल्यावर तरुण शेतकरी बोलायला बसू लागले. त्यातून शेतकरी मंडळे झाली आणि मागाहून महिला मंडळे झाली. १९७२ च्या दुष्काळात मुलांसाठी अन्नछत्रे चालली आणि कूपनलिका खोदल्या गेल्या. कूपनलिकेची जागा शक्यतो दलित वस्तीतच शोधायची असा डॉक्टरांचा आग्रह असे. पाणी तेथेच लागले म्हटल्यावर साऱ्या गावाला हंडे-कळशा घेऊन त्या वस्तीत यावे लागले. अस्पृश्यतेवर भाषण त्यांनी एकही केले नाही. फक्त पाणी कुठे काढायचे ते ठरविले.

आरंभी गावोगाव शिकलेल्या परिचारिका ठेवून पाहिल्या. त्या टिकेनात. गावात एकटीने राहायला त्यांना भय वाटे, आणि गावातल्या बायकाही त्यांचे ऐकत ना. तेव्हा असे ठरले की गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी. निवडून आल्या त्या पुष्कळशा निरक्षर, काही परित्यक्ता, काही विधवा, पुष्कळ दलित समाजातल्या. आठवड्यातून दोन दिवस त्या जामखेडला शिकायला येत. मुलाचे वजन कसे घ्यायचे, हगवण लागलेल्याला साखर-मीठ घातलेले पाणी कसे पाजायचे, बाळंतीण कशी सोडवायची, कुष्ठाचा चट्टा कसा ओळखायचा, हे सारे त्या पाटी-पुस्तकावाचून, एकमेकींना सांगत, शिकल्या. रात्री मुक्काम असे. निरनिराळ्या जातींच्या बायका. आधी कुणी कुणाजवळ झोपेना, कुणी कुणाच्या हातचे खाईना. त्यांना पांघरायला एकच मोठे पांघरूण दिले जाई. थंडीच्या दिवसांत ज्यांना ऊब हवी त्यांना जवळ सरकावेच लागे.

१९७१ च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांतली १७६ वर्षाच्या आत दगावत. १९९० नंतरच्या दशकात तो आकडा तिसाच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली वारले. पुढे २००५ नंतर सरकारने गावोगाव 'आशा' कार्यकर्त्या नेमल्या, त्याही त्याच गावातल्या बायका. अशा कामाचा आरंभ कुठे झाला ह्याची चर्चा निघते तेव्हा जामखेडचे नाव आधी येते. देशोदेशींचे डॉक्टर आणि परिचारिका शिकायला जामखेडला येत गेले, आणि त्यांना शिकवायला ज्या बसत त्यांत ह्याच नऊवारीतल्या बाया असत. परदेशी पाहुणे त्यांच्यापुढे जमिनीवर मांडी घालून बसत, आणि दुभाष्या असे तो त्यांच्या मराठीचे इंग्रजी करून सांगे.